मन वळवणाऱ्या भाषणासाठी संदर्भ कसे निवडावेत

भाषणासाठी संदर्भ शोधायला बसण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्याशी असहमत असलेला श्रोता कोणाचे म्हणणे ग्राह्य धरील? आपल्याच बाजूच्या संघटनेची पत्रके, त्यांतील मजकूर खरा असला तरी, त्याला पटणे कठीण असते. ज्या संस्थेचा त्या वादात कोणताही स्वार्थ गुंतलेला नाही, तिचा एखादा आकडाही त्याला विचार करायला लावतो. त्याहून प्रभावी ठरते ती विरुद्ध बाजूच्या जाणकाराने दिलेली कबुली, आणि म्हणूनच विरोधी मताचे उत्तम लेखन आवर्जून वाचावे.

आकडा सापडला की त्याच्या उगमापर्यंत जावे. बातमी अहवालाचा हवाला देते, अहवाल एखाद्या सर्वेक्षणाचा, आणि या प्रवासात मूळ अटी बहुधा गळून पडतात. तो आकडा कोणी, केव्हा, कोणाला काय विचारून मिळवला, हे मूळ कागदातच कळते. नमुन्याच्या आकाराने दिपून जाऊ नये. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक लोकांची उत्तरे आली होती, तरीही रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार हे त्याचे भाकीत सपशेल चुकले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. नावे मुख्यतः दूरध्वनी व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, म्हणजे मंदीच्या त्या काळात तुलनेने सुस्थितीतल्या लोकांची. शिवाय ज्यांना मत नोंदवण्याच्या पत्रिका पाठवल्या त्यांतील बहुसंख्यांनी उत्तरच दिले नव्हते.

नामांकित नियतकालिकाचे नावही पुरेसे नसते. लसीचा संबंध ऑटिझमशी जोडू पाहणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला शोधनिबंध १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्यामुळे निबंध आजही ग्राह्य आहे का, हे तपासावे, आणि एकट्या अभ्यासापेक्षा त्या विषयावरील अनेक अभ्यासांचा पद्धतशीर आढावा मिळत असेल तर तो निवडावा. विकिपीडियाचा उपयोग तळटिपांतून मूळ साहित्यापर्यंत पोहोचण्यासाठी जरूर करावा. व्यासपीठावरून मात्र त्या मूळ साहित्याचेच नाव घ्यावे.

श्रोत्याला तळटीप दिसत नसल्यामुळे प्रत्येक संदर्भाची संस्था, वर्ष आणि ती विश्वासार्ह का आहे, हे एका छोट्या वाक्यात टिपून ठेवावे, म्हणजे आकडा सांगण्याआधीच ते वाक्य बोलता येते.