छोटा मकाव पाळायचाय? आधी घर तयार करा, मग पक्षी आणा

आपल्या बेळगाव, निपाणी, खानापूर भागात हल्ली बऱ्याच जणांना मकाव, म्हणजे लांब शेपटीचा परदेशी पोपट, पाळायचा असतोय, आणि निळा-पिवळा मोठा मकाव घरात झेपणार नाही म्हणून "मग छोटा घेतो की" असं ठरतंय. माझं पहिलं सांगणं एवढंच की छोटा म्हणजे फक्त अंगानं छोटा. आवाज, चोच, हट्ट आणि तुमचा वेळ खायची ताकद यात काही कमी नाही. नीट सांभाळला तर तो 25-30 वर्षं जगतो, म्हणजे आज पाचवीतल्या पोरासाठी घेतलात तर त्या पोराचं लग्न होऊन त्याची पोरं शाळेत जातील तरी पक्षी घरातच असणार. हे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बोला आणि मगच पुढचं वाचा.

छोट्या मकावमध्ये आपल्याकडं जास्त करून हान्स मकाव मिळतोय. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, व्हेनेझुएला, गयाना, उत्तर ब्राझील तिकडचा. लांबी साधारण 30 सेंटीमीटर, वजन 150-170 ग्रॅमच्या आसपास, अंग हिरवं, कपाळावर निळी छटा, पंखाच्या आत लाल आणि डोळ्याभोवती, पार चोचीपर्यंत, पांढरं उघडं कातडं. चोचीपर्यंत गेलेलं हे पांढरं कातडं बघूनच कॉन्युर (दिसायला असाच दुसरा परदेशी पोपट) आणि मकाव यातला फरक ओळखायचा. त्याच्यापेक्षा मोठे म्हणजे यलो कॉलर्ड आणि सिव्हिअर मकाव, ते पण मिनी मकावच म्हणवतात पण सिव्हिअर जवळजवळ 45 सेंटीमीटरचा होतो आणि त्याची चोच जोरकस असती. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं हान्सच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. नर-मादी दिसायला सारखेच, डीएनए टेस्टशिवाय कळत नाही, त्यामुळं "हा नर आहे बघा, जास्त बोलतो" असं कोण सांगत असेल तर त्याच्या भरवशावर पैसे देऊ नका.

आता कागदपत्रं. आपला साधा हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, गल्लीत चार घरांत दिसला तरी गुन्हाच. मकाव परदेशी असल्यामुळं पाळता येतो, पण 2022 च्या दुरुस्तीनंतर सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले परदेशी पक्षी याच कायद्याच्या शेड्युल चारमध्ये आलेत आणि 2024 च्या नियमांप्रमाणं त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागती, पक्षी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांच्या आत. बजरी आणि कॉकटील हे छोटे पोपट या यादीत नाहीत, म्हणून मित्रानं बजरी घेताना काही केलं नसेल तर ते तुमच्या मकावला लागू होत नाही. अर्ज आपल्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडं जातो, म्हणजे पक्षी कोल्हापूरहून किंवा पुण्याहून आणला तरी तुम्ही राहता कर्नाटकात, तेव्हा नोंद कर्नाटकातच. विकणाऱ्याकडून पक्क बिल, पायातल्या रिंगचा नंबर आणि त्याच्या स्वतःच्या नोंदणीचा कागद मागा. "कागद नंतर पाठवतो" म्हणाला तर तिथनं उठून या.

पिल्लू घेताना एक गोष्ट कटाक्षानं पाळा. स्वतः खायला न लागलेलं, अजून सिरिंजनं भरवायचं पिल्लू घेऊ नका. स्वस्त पडतं आणि "हातानं भरवलं की जीव लावतं" असं सांगून देतात, पण भरवणं जास्त गरम झालं तर अन्नाची थैली आतून भाजती, थंड झालं तर अन्न पचत नाही, चुकून श्वासनळीत गेलं तर पिल्लू तिथंच संपतं. खायला शिकलेलं पिल्लू पण तेवढाच जीव लावतं. घरात दुसरे पक्षी असतील तर नवीन पक्ष्याला निदान 30-45 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडी वेगळी, आणि त्याचं खाणं-साफसफाई सगळं जुन्या पक्ष्यांचं झाल्यावर शेवटी करायचं.

पिंजरा लांबी-रुंदीला कमीत कमी 2 फूट आणि उंचीला 3 फूट, मोठा असेल तर चांगलाच. दोन गजांत दीड ते दोन सेंटीमीटर अंतर, जास्त नको, डोकं अडकतं. जिंक लावलेली चकचकीत जाळी स्वस्तात बनवून देतेत पण हा पक्षी दिवसभर चोचीनं गज चावतो, आणि पोटात गेलेलं जिंक विष आहे. पावडर कोटिंग चांगलं असलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा पिंजरा घ्या. आत प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या असतील तर काढून टाका, पेरूच्या किंवा लिंबाच्या फांद्या धुऊन, वाळवून बसवा, जाड-बारीक मिसळून, म्हणजे पायाला व्यायाम होतो. कण्हेरीच्या फांदीला हात पण लावू नका. पिंजरा भिंतीला टेकवून, माणसं बसतात त्या खोलीत ठेवा, स्वयंपाकघरात अजिबात नको.

स्वयंपाकघराचं का सांगतोय ते नीट समजून घ्या, कारण बरेच पक्षी यातच जातात. पक्ष्याच्या फुफ्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, हवेतलं सगळं तो आपल्यापेक्षा जास्त ओढून घेतो. नॉनस्टिक तवा रिकामाच गॅसवर राहून जास्त तापला तर त्यातनं जो वायू सुटतो त्याचा आपल्याला वास पण येत नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. ज्या घरात मकाव त्या घरात बिडाचा किंवा लोखंडी तवा. तसंच डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती, रूम फ्रेशनर, फिनेल. गौरी-गणपतीत घरात धूप लागणारच, त्याला कोण नको म्हणणार नाही, पण तेवढा वेळ पक्षी मागच्या हवेशीर खोलीत दार लावून ठेवा. निपाणीकडच्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवा, घरात तंबाखूचं किंवा विडीचं काम असेल तर हात साबणानं धुतल्याशिवाय पक्षी हातावर घेऊ नका, निकोटीन त्याच्या पायाला आणि चोचीला लागतं आणि पुढं पायाची कातडी खराब होऊन तो स्वतःला टोचायला लागतो. उसाचा पाला पेटवायच्या दिवसांत खिडक्या बंद.

खाण्याचं. नुसतं सूर्यफुलाचं बी आणि भुईमुगाच्या शेंगा दिल्या की पक्षी खूष दिसतो, आणि आतनं व्हिटॅमिन ए कमी पडत जातं, लिव्हरवर चरबी चढती. निम्म्याहून जास्त खाणं पेलेट्सचं, म्हणजे पोपटांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांचं, असावं, बाकी भाजी, थोडं फळ, आणि एखाद-दुसरा बदाम नाहीतर अक्रोडाचा तुकडा. बेळगावात राहतो म्हणजे भाजीला तोटा नाही. आपल्याकडची रताळी उकडून द्या, गाजर, लाल भोपळा, ढबू मिरची बियांसकट, मेथी, शेवग्याचा पाला, कोवळं मक्याचं कणीस. सगळं नीट धुऊन, फवारणी किती झालेली असती माहिती आहे. फळ कमी, आणि सफरचंदाच्या बिया काढून. सकाळी टाकलेली भाजी दोन-तीन तासांत उचलायची, दुपारपर्यंत राहिली की आंबती. पावसाळ्यात शेंगदाण्याला आणि मक्याला बुरशी धरती, ती डोळ्याला दिसायच्या आधी पण असू शकती, म्हणून खानापूर साइडच्या लोकांनी जून ते सप्टेंबर शेंगा बंदच ठेवलेल्या बऱ्या, आणि पेलेट्स हवाबंद डब्यात.

काय द्यायचं नाही ते मात्र फ्रिजवर लिहून चिकटवा, पाहुण्यांसाठी पण. बटरफ्रूट म्हणजे अवोकॅडो एक नंबरचं विष, ज्यूस सेंटरचा ग्लास घरी आणला तर त्याच्यापासून लांब. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, खारे फरसाण, दारू, काहीच नाही. कुंदा पण नाही, पाहुण्यांनी कितीही प्रेमानं चमचा पुढं केला तरी.

पेलेट्स न खाणारा पक्षी आला तर एका दिवसात बी बंद करू नका, उपाशी राहील. सकाळी भूक असती तेव्हा पेलेट्स आणि भाजी, संध्याकाळी थोडं बी, आणि हे बी आठवड्या-आठवड्यानं कमी करत न्यायचं. यासाठी किचनचा ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर छोटी दांडी बसवा आणि रोज सकाळी खायच्या आधी वजन घेऊन वहीत लिहा. पक्षी आजार लपवतो, जंगलात दुबळा दिसला तर शिकार होतो म्हणून ती त्याची सवयच आहे, पण काटा लपवत नाही. वजन दहा टक्के उतरलं तर वाट बघू नका.

आता हाताळणं, मला यातलं सगळ्यात आवडतं काम. नवीन पक्षी आणल्यावर पहिले काही दिवस हात घालायचा नाही, जवळ बसायचं, मराठीत, कन्नडमध्ये, जे घरात बोलता त्यात बोलत राहायचं. मग एक लाकडी काडी घ्या, चायनीजबरोबर येती तसली चालती. काडीच्या टोकाला त्यानं चोच लावली की लगेच "शाब्बास" म्हणून सूर्यफुलाचं एक बी. एकच बी, म्हणून तर रोजच्या भांड्यात बी कमी ठेवायचं, नाहीतर त्याला त्याची किंमत राहत नाही. काडीमागं तो इकडनं तिकडं चालायला लागला की काडी अशी धरा की तिथं पोचायला त्याला तुमच्या हातावर पाय ठेवावा लागेल. पहिल्यांदा एकच पाय ठेवेल, चोचीनं बोट चाचपून बघेल. इथं बरेच लोक हात मागं घेतात, आणि तो पडतो आणि पुढं हातावर भरवसा ठेवत नाही. तो चावायला नाही, फांदी पक्की आहे का ते बघायला चोच लावतोय. हात स्थिर ठेवा. दोन पाय आले की बी द्या आणि लगेच खाली सोडा. दिवसातनं दोन वेळा, पाच-पाच मिनिटं, तो कंटाळायच्या आधी थांबायचं.

डोळ्याकडं बघायला शिका. बाहुली भराभर बारीक-मोठी व्हायला लागली, मानेची पिसं उभी राहिली, शेपूट पसरली, की हात पुढं करू नका, त्या वेळी चावा नक्की. चावला तर ओरडायचं नाही, झटकायचं नाही, चोचीवर मारायचं तर कधीच नाही. शांतपणे खाली ठेवा आणि तोंड फिरवा. ओरडलात तर त्याला ती गंमत वाटती, मोठ्ठा आवाज आला म्हणून परत करेल. वयात आला की चिडचिड वाढती, तेव्हा फक्त डोकं-मान खाजवा, पाठीवर आणि पंखाखाली हात फिरवू नका, आणि कपाटात, सोफ्याखाली अंधाऱ्या कोपऱ्यात घुसू देऊ नका, त्याला ते घरटं वाटतं.

रोज तीन-चार तास पिंजऱ्याबाहेर पाहिजेच, आणि तेवढा वेळ सिलिंग फॅन बंद, दारं बंद, गॅसवर काही उकळत नाही. रात्री दहा-बारा तास शांत झोप. चावायला मऊ लाकूड, नारळाची करवंटी, कागदाच्या पुंगळीत लपवलेला बदाम द्या, शोधत बसतो. ज्या पक्ष्याला दिवसभर काही काम नसतं तो शेवटी स्वतःची पिसं उपटायला लागतो आणि ती सवय सोडवणं फार अवघड असतं. बोलायचं म्हणाल तर हान्स बऱ्यापैकी स्पष्ट बोलतो, पण किंचाळतो पण, सकाळी आणि तिन्हीसांजेला तर ठरलेलं. शेजाऱ्याची आणि तुमची भिंत एकच असेल तर आधी त्यांच्याशी बोला.

सकाळचं कोवळं ऊन वीस-तीस मिनिटं, काचेतनं नाही, थेट, पिंजऱ्यात ठेवूनच, अर्ध्या पिंजऱ्याला सावली करून, आणि कुणीतरी शेजारी बसून, कारण घारी, मांजरं, आणि काही भागात माकडं आहेतच. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी चांगलीच असती, रात्री पिंजऱ्यावर तीन बाजूंनी जाड चादर. अथणीकडं एप्रिल-मेमध्ये उलटं, पाण्याचा स्प्रे आणि दुपारी आतली खोली. गणपती, शिवजयंतीची मिरवणूक आणि दिवाळीचे फटाके, तेव्हा आतल्या खोलीत, मंद दिवा लावून ठेवा, पूर्ण अंधारात दचकला तर पिंजऱ्यात आपटून पंख मोडून घेतो.

पक्षी आणायच्या आधी डॉक्टर शोधा, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. म्हशी-कुत्र्यांचे चांगले डॉक्टर आपल्याकडं आहेत, पोपटांचा सराव असलेले थोडे. जवळ कोण नसेल तर कोल्हापूर, हुबळी, पुणे, बेंगळूर कुठं जायचं ते आजच ठरवून नंबर सेव्ह करा. पिसं फुगवून तळाला बसणं, श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होणं, विष्ठेचा रंग बदलणं, खाणं सोडणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी निघायचं. जाईपर्यंत ऊब द्या, पिंजऱ्याच्या बाहेरनं एका बाजूला जुना तारेचा, गरम होणारा पिवळा बल्ब, म्हणजे जास्त वाटलं तर दुसऱ्या बाजूला सरकता येतं. माणसांची अँटिबायोटिक मनानं द्यायची नाही. आणि घरात कुणाला ताप-खोकला बरेच दिवस राहिला तर डॉक्टरांना घरी पोपट आहे हे सांगा, सिटॅकोसिस नावाचा आजार पक्ष्यातनं माणसाला होतो आणि सांगितल्याशिवाय त्यांच्या डोक्यात येणार नाही.

शेवटचं, उडून गेला तर. याची तयारी पक्षी घरात असतानाच करायची, त्याचा खुशीत असतानाचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि नावानं हाक मारल्यावर खोलीच्या या टोकाकडनं त्या टोकाला यायची सवय लावा. गेलाच तर पहिल्या तासात धावपळ करा, गल्लीच्या ग्रुपवर फोटो आणि मेसेज मराठी आणि कन्नड दोन्हीत टाका, रिंगचा नंबर मात्र टाकू नका, तो "माझाच आहे" म्हणणाऱ्याला विचारायला ठेवा. नारळावर उंच बसला की त्याला उतरायचं कसं ते कळत नाही, दगड मारून किंवा पाणी मारून तो आणखी लांब जातो. त्याला दिसेल असा पिंजरा दार उघडून गच्चीवर ठेवा, आत त्याचं आवडतं खाणं. अंधार पडायच्या आत तो कुठल्या झाडावर बसलाय ते नक्की करा, रात्रीचं तो सहसा हलत नाही, आणि पहाटे उजाडायच्या आधी अक्रोड घेऊन त्या झाडाखाली जाऊन हाक मारा, तेव्हा त्याला भूक लागलेली असती.