लहान मुलांना पाण्यात जीव वाचवायला कसे शिकवावे

मुलाला पोहायला शिकवायचे म्हणजे हातपाय मारायला शिकवायचे, असे आपण धरून चालतो, आणि उन्हाळ्यातल्या बहुतेक वर्गांत पहिल्याच दिवशी कठडा धरून पाय मारण्याचा सराव सुरू होतो. मात्र पाय घसरून अचानक पाण्यात पडलेल्या मुलाला सर्वांत आधी श्वास घेता आला पाहिजे. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत शिकवण्याचा क्रम बदलावा: आधी उताणे तरंगणे, मग वळून काठ गाठणे, मग काठावर चढून येणे, आणि हात मारण्याचे प्रकार त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. एक वर्षाच्या आतल्या बाळाला शिकवणी दिल्याने हा धोका कमी होतो, याला पुरावा नाही. त्या वयात बाळाला कडेवर घेऊन कोमट पाण्यात खेळवावे, एवढेच पुरे. सवय व्हावी म्हणून त्याला पुन्हा पुन्हा पाण्याखाली बुचकळू नये, कारण पोटात फार पाणी गेल्यास रक्तातले सोडियम घटून बाळाला झटके येऊ शकतात. एक ते चार वर्षांच्या मुलाला तरंगण्याची ओळख करून देता येते, पण त्याचे खरे संरक्षण म्हणजे हाताच्या अंतरावर असलेले मोठे माणूस, बंद न्हाणीघर आणि झाकलेली टाकी. साधारण चार वर्षांनंतर मुलाला सूचना समजतात, शरीर ताब्यात ठेवता येते, आणि तेव्हापासून नेटाने शिकवावे.

शिकवणाऱ्याच्या छातीपर्यंत येईल इतके, तळ दिसणारे आणि शक्यतो कोमट पाणी निवडावे. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरतात. ओठ निळसर दिसू लागले किंवा दात वाजू लागले की मुलाला लगेच बाहेर काढून कोरडे करावे. पहिल्या काही दिवसांत फक्त तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढणे आणि डोळ्यांवर पाणी आले तरी न घाबरणे एवढेच साधावे. त्यानंतर मुलाचे डोके आपल्या खांद्यावर टेकवून त्याला उताणे घ्यावे. त्याचे कान पाण्यात, हनुवटी किंचित वर, हात दोन्ही बाजूंना पसरलेले आणि पोट पाण्याच्या पातळीशी असले पाहिजे. मूल घाबरले की डोके उचलते, डोके उचलले की कंबर खाली जाते आणि पाय बुडतात; म्हणून ‘पोट वर’ असे सांगण्यापेक्षा ‘छताकडे बघ’ किंवा ‘आभाळाकडे बघ’ असे सांगितलेले लवकर कळते. आपला तळवा त्याच्या पाठीखाली ठेवावा, मान सैल पडली की तळव्याऐवजी दोन बोटे, मग एकच बोट, आणि शेवटी तेही त्याला सांगून काढावे. न सांगता आधार काढला तर मुलाचा विश्वास तुटतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. मोठ्याने आकडे मोजावेत. तीस आकडे होईपर्यंत मूल शांतपणे तरंगू लागले की पुढची पायरी घ्यावी.

पुढची पायरी म्हणजे पालथ्याचे उताणे होणे. मुलाला पालथे सोडावे आणि आधी डोके फिरवायला शिकवावे. खांदे आणि कंबर डोक्यामागून आपोआप येतात. त्यानंतर काठावरून पाण्यात उडी, वर येणे, मागे वळणे आणि ज्या काठावरून उडी मारली तोच काठ धरणे, हा सराव कंटाळा येईपर्यंत करून घ्यावा, कारण मुले बहुधा काठाजवळच पडतात. काठावर चढतानाही आधी दोन्ही कोपरे टेकवायची, मग पोट, मग गुडघा, असा क्रम ठेवावा. हे सारे जमले की एक दिवस शाळेचा गणवेश घालून तेच करून घ्यावे; भिजलेले कपडे किती ओढतात, हे मुलाला आधी कळलेले बरे.

आपल्याकडे पाठीला सुकलेला भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवण्याची जुनी रीत आहे आणि तिने असंख्य मुलांची भीती घालवली आहे. परंतु डबा पाठीला असताना मूल उताणे तरंगायला शिकत नाही, आणि दंडात घालायचे हवेचे फुगे त्याला पाण्यात उभे ठेवतात, म्हणजे नेमके बुडणाऱ्या माणसासारखे. डबा वापरलाच, तर दर खेपेला शेवटची काही मिनिटे तो सोडून, मुलाला धरून सराव करावा.

शेततळ्यात मात्र कधीही शिकवू नये. प्लास्टिकच्या कागदाचा उतार शेवाळाने इतका निसरडा होतो की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. ज्यांच्या शेतात तळे आहे, त्यांनी चहूबाजूंनी कुंपण घालावे आणि काठावरच्या खुंटांना गाठी मारलेले दोर बांधून पाण्यापर्यंत सोडावेत; मुलांनाही ते दोर कुठे आहेत हे दाखवून ठेवावे.

एक बुडतो आणि त्याला काढायला गेलेले दोघे-तिघे त्याच्यामागे जातात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. म्हणून पोहता येणाऱ्या मुलालाही बजावावे की मित्र बुडताना दिसला तर पाण्यात उतरायचे नाही, काठावर पालथे पडून काठी, ओढणी किंवा दोर पुढे करायचा आणि मोठ्या माणसांना हाका मारायच्या. बांगलादेशात खेड्यांतल्या तळ्यांत बांबूचे मचाण बुडवून चार ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवतात, तेव्हा पंचवीस मीटर पोहणे आणि तीस सेकंद तरंगणे यांच्याबरोबर काठावरून दुसऱ्याला वाचवणेही शिकवतात. आपल्याकडच्या वर्गांनी हे अवश्य घ्यावे.

शिकवणाऱ्याने स्वतः तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे एखाद्या प्रशिक्षकाकडून शिकून घेतलेच पाहिजे. बाहेर काढलेल्या मुलाचा श्वास चालत नसेल, तर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यांत मोलाची मिनिटे जातात. त्याला उताणे ठेवून ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबणे सुरू करावे आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगावे. मूल शुद्धीवर येऊन बोलू लागले तरी त्याला दवाखान्यात न्यावे, कारण फुप्फुसात पाणी गेलेले असल्यास त्रास काही तासांनीही वाढू शकतो.