एच-इंडेक्स काढताना या चुका टाळा

शास्त्रज्ञांची सायटेशन, म्हणजे त्यांच्या पेपरांचे दुसऱ्या पेपरांत आलेले हवाले, मोजून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. चुका त्याच, करणारे तेवढे नवे.

डोकं फिरवणारी पहिली चूक म्हणजे गूगल स्कॉलर या पेपर शोधायच्या साइटवरचं प्रोफाइल उघडायचं, उजवीकडचा आकडा उचलायचा आणि फाइलीत चिकटवायचा. एकदा निवड समितीसाठी एका रसायनशास्त्रज्ञाचे आकडे तपासायला आले. एच-इंडेक्स 31, म्हणजे किमान 31 सायटेशन असलेले 31 पेपर. वयाच्या मानाने जास्तच वाटला, म्हणून यादी सालवार लावून तळापर्यंत गेलो. तळाशी 1979 सालचा, गुरांच्या जंतांवरचा पेपर! तेव्हा या गृहस्थांचा जन्मही झाला नव्हता. आडनाव आणि आद्याक्षर सारखं असलेले तिघे एकाच प्रोफाइलमध्ये सुखाने नांदत होते. पेपर आपोआप जमा होण्याची सोय चालू ठेवली की हेच होतं. दोन दिवस बसून एकेक पेपर निवडला. एच-इंडेक्स उरला 14. बिचाऱ्याने लबाडी केली नव्हती, नुसतं बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी आधी ऑर्किड (ORCID), म्हणजे प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक मागतो, मग त्यांनी स्वतः केलेली यादी. डेटाबेस त्यानंतर. आकड्याशेजारी डेटाबेसचं नाव आणि तारीख नसेल तर कागद परत. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधीच खुले केलेले लेख) सुद्धा मोजतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस मुख्यतः निवडक जर्नलं घेतात. एकाच माणसाचे तीन आकडे येतात, आणि लोक एकाचा इथून, दुसऱ्याचा तिथून घेऊन क्रम लावतात!

दुसरी चूक इम्पॅक्ट फॅक्टरची. तो जर्नलचा असतो, माणसाचा नव्हे: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले लेखांची संख्या. म्हणजे सरासरी. 2008 मध्ये 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए'त जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या प्रोग्रामवरचा लेख आला. स्फटिकरचना काढणारा जो तो त्याचा हवाला देणार. दोनच्या आसपास असलेला इम्पॅक्ट फॅक्टर 2009 साठी 49 च्या वर गेला. त्याच वर्षी तिथे छापून आलेल्या बाकीच्यांनी काय पराक्रम केला होता? तरी अर्जांत आठ जर्नलांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज दिसते, पूर्वी तर तीही तीन दशांश स्थळांपर्यंत.

बाकीच्या किरकोळ. गणितज्ञाला जीवशास्त्रज्ञाशेजारी उभं करू नका, दोन्ही क्षेत्रांत सायटेशनचं प्रमाणच वेगळं. एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, सहसा घटत नाही. भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी 2005 मध्ये तो मांडला तेव्हा कारकिर्दीच्या वर्षांनी भागायचंही सुचवलं होतं, ते सगळे सोयीस्कर विसरतात. हजार-हजार सायटेशनचे दोनच पेपर असलेल्याचा एच 2 येतो, हेही ध्यानात असू द्या.

शास्त्रज्ञाने स्वतःच्याच पेपरांना दिलेली सायटेशन वगळायला स्कोपसमध्ये फार तर मिनिट लागतं. तेवढंही न करता "तासाभरात आकडा द्या" म्हणणाऱ्यांना मी पेपरांच्या यादीचा कोरा तक्ता पाठवतो. निम्मे परत फोन करत नाहीत.