रडार उपग्रहाच्या साहाय्याने खरीप पिकाच्या वाढीवर लक्ष कसे ठेवावे

मराठवाड्यात सोयाबीन आणि कपाशीची खरी वाढ जुलै-ऑगस्टमध्ये होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आकाश झाकलेले असल्यामुळे हिरवेपणा मोजणाऱ्या प्रकाशचित्रांत आठवडेच्या आठवडे केवळ ढग दिसतात. रडार उपग्रह सूर्यप्रकाशावर अवलंबून नसतो. तो स्वतः सूक्ष्मलहरी सोडतो आणि शेतावरून परतलेल्या लहरींची तीव्रता मोजतो, म्हणून रात्री किंवा ढगाळ हवेतही त्याची नोंद मिळते. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-1 मालिकेतील पहिला उपग्रह 2014 मध्ये सोडण्यात आला. या मालिकेची माहिती विनामूल्य आहे आणि तिची लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीची असल्याने खरीप पिकांसाठी ती उपयोगी पडते.

प्रथम शेताची हद्द आखावी. उपग्रहाच्या प्रतिमेवर गट नकाशा ठेवून आखणी करता येते, परंतु आखलेली रेषा सर्व बाजूंनी दहा मीटर आत घ्यावी, कारण धुऱ्यावरची बाभळ, विहीर किंवा शेजारचा ऊस शेताच्या सरासरी तीव्रतेत मिसळला तर तिचा तारखेनुसार काढलेला आलेख निरुपयोगी ठरतो. तयार प्रतिमेतील एक चौकट दहा मीटर बाजूची, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याची असते. चौरस आकाराच्या एक एकर शेतातून कडा वगळल्यावर अशा जेमतेम एकोणीस-वीस चौकटी उरतात. रडारच्या प्रतिमेत स्वभावतःच दाणेदार गोंधळ असल्यामुळे एकट्या चौकटीवर कधीही विसंबू नये, आणि लांब, अरुंद पट्ट्याच्या शेताबाबत तर निष्कर्ष काढण्याचे टाळलेलेच बरे.

त्यानंतर गूगल अर्थ इंजिन या उपग्रह-प्रतिमांच्या ऑनलाइन मंचावर सेंटिनेल-1 ची जमिनीवर बसवलेली तीव्रता-मालिका (जीआरडी) निवडावी. तेथे अंशांकन (आकडे ठरलेल्या मापात आणणे) आणि भूरूप-दुरुस्ती (चढउतारांमुळे सरकलेली प्रतिमा जागेवर आणणे) आधीच झालेली असते. निवडताना कक्षेची दिशा (उत्तरेकडे की दक्षिणेकडे जाणारी) आणि सापेक्ष कक्षा क्रमांक, म्हणजे उपग्रहाच्या ठरलेल्या मार्गाचा क्रमांक, एकच ठेवावा. दोन वेगळ्या कक्षांतून उपग्रह त्याच शेताकडे वेगळ्या कोनातून पाहतो, आणि त्या नोंदी एका आलेखात मिसळल्यास पीक न बदलताही रेषा वरखाली होते. एकच उपग्रह त्याच कक्षेतून 12 दिवसांनी परत येतो, हे अंतर धरून हंगामाचे नियोजन करावे.

सरासरी काढताना एक चूक सर्रास होते. मालिकेतील आकडे डेसिबलमध्ये, म्हणजे लॉगरिदमच्या मापात असतात, त्यामुळे त्यांची थेट सरासरी घेणे योग्य नाही. उणे 10 आणि उणे 20 यांची साधी सरासरी उणे 15 येते, पण मूळ तीव्रता 0.1 आणि 0.01 असल्याने त्यांची सरासरी 0.055, म्हणजे सुमारे उणे 12.6 डेसिबल होते. म्हणून आधी आकडे रेषीय मापात आणावेत, शेताची सरासरी काढावी आणि मगच पुन्हा डेसिबलमध्ये न्यावेत.

आता प्रत्येक तारखेला दोन आकडे मिळतात. व्हीव्हीमध्ये लहर उभ्या दिशेत सोडून उभ्याच दिशेत घेतलेली असते आणि त्यावर जमिनीच्या ओलीचा व ढेकळांचा मोठा प्रभाव असतो. व्हीएचमध्ये उभी सोडलेली लहर आडव्या दिशेत घेतली जाते. पाने, फांद्या आणि शेंगांमध्ये लहर अनेकदा आपटून दिशा बदलते, तेव्हा हा आकडा वाढतो. डेसिबलमध्ये व्हीएचमधून व्हीव्ही वजा केल्यास ओलीचा प्रभाव बराचसा कमी होतो आणि पिकाची वाढ अधिक स्पष्ट दिसते. माझ्या मते नवशिक्याने याच फरकाचा आलेख प्रथम काढावा.

तरीही पावसाची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय आलेख वाचू नये. काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर वापसा येण्यास वेळ लागतो, आणि ओल्या जमिनीवरून उपग्रह गेला तर व्हीव्ही व व्हीएच दोन्ही एकदम वर जातात. ती वाढ पिकाची नसते. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर आदल्या दोन-तीन दिवसांत मोठा पाऊस असेल तर त्या बिंदूवर खूण करावी आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी. शेतात उघडे पाणी साचले तर लहर आरशासारखी दूर परावर्तित होऊन दोन्ही आकडे घसरतात. परंतु पाण्यात पीक उभे असेल तर व्हीव्ही उलट वाढूही शकते. सप्टेंबर 2025 सारख्या अतिवृष्टीच्या काळात केवळ घसरण शोधून नुकसान ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

सोयाबीनचा आलेख पेरणीनंतर हळूहळू चढतो, पीक दाटल्यावर सपाट होतो आणि पानगळीपासून खाली येऊ लागतो. काढणीच्या सुमारास मोठी घसरण दिसते. सपाट टप्प्यात आणखी वाढ झाली तरी ती आकड्यात उमटेलच असे नाही, त्यामुळे यावरून थेट उत्पादन सांगू नये. एकाच गावातील त्याच सुमारास पेरलेल्या शेतांशी आणि त्याच शेताच्या मागील वर्षांशी तुलना करणे अधिक विश्वासार्ह असते. चढ उशिरा सुरू झाल्यास दुबार पेरणीची शक्यता तपासावी, आणि शेतात जाऊन खात्री करावी.

सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असेल, तर ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाल्यावर रेषा खाली येते, पण तूर उभी असल्याने बहुधा मोकळ्या रानाच्या पातळीपर्यंत जात नाही. अशी शेते सुरुवातीलाच ई-पीक पाहणीतील नोंदीवरून वेगळी काढावीत, अन्यथा ती काढणी रखडलेली सोयाबीनची शेते म्हणून गणली जातील.