तीन कॉम्प्युटर, एक कीबोर्ड आणि काळाठिक्कर स्क्रीन

टेबल एक, कॉम्प्युटर तीन: ऑफिसचा लॅपटॉप, मुलीचा डेस्कटॉप आणि गाणी-फोटो साठवणारा जुना रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर). नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर जागा ती केवढी! म्हणून सीताबर्डीतून केव्हीएम स्विच आणला. कीबोर्ड, माउस, मॉनिटर त्याला जोडायचे. बटण दाबलं की कॉम्प्युटर बदलतो.

पहिले दोन लगेच चालले. पायवर मात्र अंधार. केबल बदलली, दुकानदाराला फोन केला. "बदलवून देतो ना भाऊ," म्हणाला बिचारा. पण दोष स्विचचा नव्हताच.

पाय सुरू करताना स्विच त्याच्यावर असला तरच चित्र यायचं. सुरू होताना मॉनिटर दिसला नाही, तर पाय एचडीएमआयवर (मॉनिटरच्या केबलवर) चित्र पाठवतच नाही. आणि साधा स्विच न निवडलेल्या कॉम्प्युटरला मॉनिटर दाखवत नाही. पायच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलीत हॉटप्लग सक्तीने चालू ठेवणारी, म्हणजे मॉनिटर जोडलेलाच आहे असं धरायला लावणारी ओळ होती, पुढे # लावून झोपवलेली (# असलेली ओळ कॉम्प्युटर पाळत नाही). ते चिन्ह काढलं, रीस्टार्ट केलं, चित्र हजर.

माझी ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) जुनी, म्हणून एवढ्यावर भागलं. नव्या ओएसमधल्या केएमएस ड्रायव्हरला (स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या प्रोग्रामला) ही ओळ चालत नाही. तिथे कर्नलच्या (ओएसच्या गाभ्याच्या) कमांड लाइनमध्येच, म्हणजे सुरू होताना त्याला मिळणाऱ्या सूचनांतच, एचडीएमआय चालू ठेवायला सांगावं लागतं.