सारसाचं घरटं पाहायला जाताना या चुका टाळा

गोंदियाच्या धानपट्ट्यात रोवणी आटोपली की एखाद्या बांधीत सारसाचं घरटं दिसतं, आणि मागोमाग मोबाइल घेऊन माणसं येतात. दोन पावसाळ्यांपूर्वी आम्हीही तिघं असेच धुऱ्यावर जाऊन बसलो. गवताच्या ढिगावरची मादी उठली, मान ताठ केली आणि पाण्यातून चालत जाऊन दूर उभी राहिली. आम्हाला वाटलं, चरायला गेली. पाऊण तास अंडी उघडी पडली. घरट्याच्या काठावर कावळा उतरला तेव्हा कुठे आम्ही उठलो.

पक्षी उडाला नाही म्हणजे त्याला त्रास नाही, असं समजणं ही सगळ्यात मोठी चूक. अंड्यांवर बसून राहण्याची ओढ टिकवणारं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन. भीती किंवा उपासमार आली की कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढतं, प्रोलॅक्टिन उतरतं आणि पाय घरट्याबाहेर पडतो. हे कळलं ते मुख्यतः अल्बाट्रॉस, पेंग्विन अशा समुद्रपक्ष्यांच्या रक्ताच्या तपासणीतून. ज्याच्यापुढे अजून कितीतरी हंगाम आहेत, तो एका अंड्यासाठी जीव पणाला लावत नाही. सारसही दीर्घायुषी, आणि अंडी बहुधा दोनच. म्हणून मान ताठ झाली की तिथूनच मागे फिरा. घरट्यावर परत बसेपर्यंत थांबून पाहायचा मोहही नको.

घरटं सोडलं म्हणून जोडीला नावं ठेवू नका. समुद्रावरच्या सुरय पक्ष्यांत वय वाढतं तसा ताणाला मिळणारा कॉर्टिकोस्टेरॉनचा प्रतिसाद मंदावतो. अल्बाट्रॉसमध्ये विणीचा अनुभव वाढतो तसं प्रोलॅक्टिन चढं राहतं. नवखी जोडी आधी बिचकते ती यामुळे. तिला आणखी मोकळीक हवी.

एका वर्षी घरटं दिसलं नाही की गावात लगेच ‘वांझ जोडी’ म्हणतात. मला हे फार लागतं. ‘भटका अल्बाट्रॉस’ नावाचा समुद्रपक्षी साधारण दहाव्या वर्षी विणीला लागतो, पिल्लू वाढवायला त्याला जवळपास वर्ष लागतं, म्हणून वीण यशस्वी झाली तर पुढचं वर्ष तो रिकामाच काढतो. रिकामा हंगाम म्हणजे संपलेली जोडी नव्हे.

‘म्हातारी झाली, आता काय देणार’ हेही तसंच. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर 1956 साली पायात ओळखीची कडी घातलेल्या विस्डम नावाच्या लेसन अल्बाट्रॉस मादीने 2024 च्या अखेरीस पुन्हा अंडं घातलं. कडी घातली तेव्हाच ती पूर्ण वाढलेली होती. अतिवृद्धापकाळात यश घटतं हे खरं, पण त्याआधीची कितीतरी वर्षं अनुभवाचीच असतात.

अंडी उचलून ‘सुरक्षित’ जागी ठेवू नका. आणि मोजणीत नुसते मोठे सारस मोजून समाधान मानू नका. मोठे पक्षी वर्षानुवर्षं दिसत राहतात, त्यामुळे पिल्लं जगत नसल्याचं लवकर ध्यानातच येत नाही. बदामी डोक्याची पिल्लं वेगळी नोंदवा.

शेतकरी दादांना एवढंच सांगा: निंदण करताना घरट्याचा कोपरा शेवटी ठेवा. अंडी उबायला महिनाभर लागतो.