गाजावाजा झालेली बॉक्सिंग मॅच फुसकी निघणार का, ते आधीच कसं ओळखायचं

3 मे 2015, रविवार सकाळ, आपल्याकडे पोह्यांचा टाइम आणि तिकडे लास वेगासला शनिवारची रात्र, अमेरिकेचा बॉक्सर मेवेदर विरुद्ध फिलिपिन्सचा पॅकियाव, शतकातली फाइट म्हणून कित्येक महिने नुसता ढोल, आणि 12 राऊंड संपले तरी एकजण पण खाली पडला नाही. अमेरिकेत लोकांनी घरी बसून बघायला 90 ते 100 डॉलर मोजले होते राव. परत असं फसायचं नसेल तर पुढचं वाचा.

आधी ट्रेलर बंद करा आणि दोघांचं रेकॉर्ड उघडा. किती जिंकला ते नका बघू, शेवटच्या पाच-सहा फाइट कशा जिंकला ते बघा. मेवेदर 47-0 होता, म्हणजे 47 जिंकल्या आणि एकही हरला नाही, भारीच, पण 2011 ला ऑर्टिझला झोपवल्यावर बाकीच्या सगळ्या त्याने पॉइंटवरच, म्हणजे जजच्या गुणांवर काढलेल्या. पॅकियावने समोरच्याला वेळेआधी संपवलं ते शेवटचं 2009 ला, कॉटोला, आणि 2012 ला मार्केझने उलट त्यालाच आडवा केला. म्हणजे नॉकआउट येणार कुठून? हे सगळं आधीच दिसत होतं, आपणच बघितलं नाही.

मग वय. बोलणी 2009 च्या सुमारास सुरू झाली, ड्रग टेस्टवरून फिसकटली, आणि रिंगमध्ये उतरेपर्यंत एक 38 चा आणि दुसरा 36 चा. शिळ्या कढीला ऊत आणायचा प्रकार.

नियम पण वाचा, हे कोणीच करत नाही. 2024 च्या माइक टायसन (जुना हेवीवेट चॅम्पियन) विरुद्ध जेक पॉल (यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला) मॅचमध्ये 3 ऐवजी 2 मिनिटांचे राऊंड, ते पण 8च, आणि ग्लोव्हज 10 ऐवजी 14 औंसचे, म्हणजे जास्त जाड. 58 वर्षांच्या टायसनने पूर्ण मॅचमध्ये 18 ठोसे लावले, अठरा!

एवढं करून पण बघायचीच असेल (मी बघणारच, मला माहितीय) तर कागद-पेन घेऊन बसा आणि जजसारखे स्वतःच गुण मांडा. राऊंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, खाली पडला तर साधारण 8. कॉमेंट्री म्यूट करा कारण ते लोक हवेतल्या ठोशाला पण ओरडतात, आणि हातांपेक्षा पायांकडे बघा. मेवेदर खांदा वर करून हनुवटी लपवतो, अर्धं पाऊल मागे सरकतो आणि समोरचा चुकला की उजवा देतो, हे एकदा दिसायला लागलं की तीच बोअर फाइट बरी वाटते. चौथ्या राऊंडला पॅकियावचा डावा बसला तेवढाच काय तो थरार. एका जजने 118-110 दिलं म्हणजे 12 पैकी 10 राऊंड मेवेदरला, बाकी दोघांनी 116-112. तुमचा कागद कुणाच्या जवळ येतो बघा.

आणि हो, फाइट झाल्यावर कळलं की पॅकियावचा उजवा खांदा आधीपासूनच दुखावलेला, नंतर ऑपरेशन झालं. असलं काही मॅचच्या आधी कोणी सांगत नाही, तिकिटं विकायची असतात ना.